बंद रस्ता आणि उघडा रस्ता

नागपुराहून निघून मौद्यावरून भंडाऱ्यास जाणारा हमरस्ता आमच्या वाचकांपैकीं कोणास ठाऊक नाहीं? अंतर सुमारें साठ किलोमीटर. एस.टी.ची गाडी थांबे घेत घेत चांगलाच वेळ खाते. घरची मोटारसायकल असली आणि ती चालविणारा शहाणा असला, तरी तासाभराहून अधिक वेळ मोडतोच. आतां अशी कल्पना करा कीं, एके दिवशीं हा सगळा रस्ता सरकारी हुकुमानें बंद झाला आहे; कन्हानच्या पुलावर, बसस्थानकासमोर, प्रत्येक वळणावर हातांत निशाणें घेतलेले स्वयंसेवक उभे आहेत; लोक आपापल्या अंगणाच्या कुंपणाशीं बसून कानोसा घेत आहेत; आणि नागपुरास सुटलेला एक स्वार सोळा मिनिटें छत्तीस सेकंदांत भंडाऱ्याच्या वेशींत शिरतो.

आमच्या रस्त्यावर ही केवळ कल्पना आहे. परंतु इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रांत मॅन नांवाचें एक बेट आहे, तेथें ती खरी होते. तेथील शर्यतीचा फेरा ६०.७ किलोमीटरांचा, म्हणजे आमच्या ह्या वाटेएवढाच आहे, आणि २०२३ सालीं पीटर हिकमन नांवाच्या स्वारानें तो एवढ्याच वेळांत पुरा केला. सरासरी वेग ताशीं २१९ किलोमीटर पडला. सरासरी, हें विसरूं नये. गांवांतील वळणांवर कमी केलेला वेगही तींत आला.

ह्या शर्यतीचें नांव आमच्या वरच्या वर्गांतील पुष्कळ मुलांस ठाऊक आहे. मोबाइलच्या पडद्यावर तिचीं चित्रें पाहून ते मधल्या सुटींत तिच्याविषयीं वाद घालतात, हें मीं स्वतः ऐकिलें आहे. त्या शर्यतींत तुम्हांस काय आवडतें, असें मीं त्यांस विचारलें. सर्वांचें उत्तर एकच : वेग. माझें मत मात्र निराळें आहे. वेग हा त्या शर्यतीचा सर्वांत हलका भाग होय. तिचा वारसा आणि तिची मोहिनी दुसऱ्याच गोष्टींत आहे. आणि ती गोष्ट न समजतां जो कोणी तिचें अनुकरण करूं जाईल, त्याच्या हातीं तिच्यांतला धोका तेवढा लागेल. हा लेख मुलांकरितां तर आहेच, पण मुलाला दहावीच्या निकालाबरोबर मोटारसायकल घेऊन देण्याचें कबूल करून बसलेल्या पालकांकरितांही आहे.

ही शर्यत त्या बेटावरच कां भरूं लागली, ह्याची हकीकत मोठी गमतीची आहे. १९०३ च्या कायद्यानें ब्रिटनमध्यें मोटारींस ताशीं वीस मैलांची मर्यादा घातली होती, आणि सार्वजनिक रस्ता शर्यतीकरितां बंद करूं देण्यास तेथील कायदा तयार नव्हता. मॅन बेट ब्रिटिश राजछत्राखालीं असलें तरी तें ब्रिटनचा भाग नव्हे; त्याचें स्वतःचें विधिमंडळ आहे. टिनवाल्ड हें त्याचें नांव. हजार वर्षांहून अधिक काळ आपलें हें मंडळ अखंड भरत आलें आहे, असा त्या बेटाच्या लोकांचा अभिमान आहे. ह्या टिनवाल्डनें १९०४ सालीं कायदा करून मोटारींच्या शर्यतीकरितां रस्ते बंद करण्याची सोय केली, आणि २८ मे १९०७ रोजीं मोटारसायकलींची पहिली ‘टूरिस्ट ट्रॉफी’ शर्यत तेथें झाली. पंचवीस स्वार होते. सुमारें सोळा मैलांच्या वाटेचे दहा फेरे घ्यावयाचे होते. एका सिलिंडरच्या गाड्यांत चार्ली कॉलियर हा मॅचलेस गाडीवर पहिला आला. त्याचा वेग ताशीं अडतीस मैल, म्हणजे एकसष्ट किलोमीटर होता. दोन सिलिंडरच्या गाड्यांत रेम फाउलर हा नॉर्टन गाडीवर जिंकला. वाटेंत तो पडला, टायर फुटला, तरी पुन्हा उठून त्यानें शर्यत पुरी केली. त्या नॉर्टनचा धंदा २०२० सालीं आपल्याच देशांतील टी.व्ही.एस. कंपनीनें विकत घेतला, हें कळल्यावर आमच्या मुलांस जो आनंद झाला तो पाहण्यासारखा होता.

त्या पहिल्या शर्यतीची एक अट आमच्या पालकांस विशेष आवडेल. नांवाप्रमाणेंच ती प्रवासी गाड्यांची परीक्षा होती, म्हणून प्रत्येकास पेट्रोल मोजून दिलें होतें. एका सिलिंडरच्या गाडीनें गॅलनांत नव्वद मैल जावें, दोन सिलिंडरच्या गाडीनें पंचाहत्तर. आपल्या मापानें अनुक्रमें लिटरला बत्तीस आणि साडेसव्वीस किलोमीटर. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न दुकानांत गाडी पाहतांना आपल्याकडचा प्रत्येक बाप विचारतो आणि मुलगा शेजारीं उभा राहून लाजतो. त्यानें लाजूं नये. जगांतील सर्वांत नांवाजलेली शर्यत ह्याच प्रश्नानें सुरू झाली.

१९११ सालीं शर्यत डोंगराच्या मोठ्या वाटेवर नेली, आणि तेव्हांपासून थोड्याफार फरकानें तीच वाट चालू आहे. बेटाचा उंच डोंगर स्नेफेल, उंची ६२० मीटर. त्याच्या खांद्यावरून रस्ता जातो. त्या वेळच्या पुष्कळशा गाड्या चामड्याच्या पट्ट्यानें चाक फिरवीत, आणि चढ लागला कीं त्यांस धाप लागे. गिअर आणि साखळी असलेल्या अमेरिकन गाड्यांनीं त्या वर्षीं पहिले तिन्ही क्रमांक नेले. त्या गाडीचें नांव ‘इंडियन’ होतें. पण नांवापलीकडे तिचा आपल्या देशाशीं कांहीं संबंध नव्हता, म्हणून उगीच छाती फुगवूं नये. सांगण्याचा मुद्दा हा कीं, त्या डोंगरानें कारखानदारांस गिअर शिकविले. आज आपण पायाच्या बोटानें जो गिअर सहज टाकतो, त्याच्या वाढीस त्या चढाचा मोठा हात लागलेला आहे.

गाडी शिकावी ती ह्या वाटेवर, हें जपानांतील सोईचिरो होंडा ह्यांनीं फार लवकर ओळखलें. १९५४ सालीं, त्यांचा कारखाना अजून बाळसें धरीत असतांना, आपण मॅन बेटावर उतरणार असें त्यांनीं जाहीर केलें. लोक हंसले असतील. पांच वर्षें त्यांनीं तयारींत घालविलीं आणि १९५९ सालीं त्यांची तुकडी बेटावर आली. एकही स्वार पहिल्या पांचांत आला नाहीं. नाओमी तानिगुची ह्याचा सहावा क्रमांक लागला. परंतु गाड्या बंद न पडतां शेवटपर्यंत धांवल्या, म्हणून तुकडीचें पारितोषिक त्यांस मिळालें. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९६१ सालीं, माइक हेलवुड ह्यानें होंडा गाडीवर दोन शर्यती जिंकल्या. सहाव्या क्रमांकावर समाधान न मानतां आणि त्यानें खचूनही न जातां परत जाऊन इंजिन उघडून बसणारे ते लोक मला विजयी स्वाराहून अधिक आवडतात. मौद्याच्या बाजाराच्या दिवशीं रस्त्याच्या कडेला ज्या गाड्या ओळीनें लावलेल्या दिसतात, त्यांतील कित्येकींच्या वंशवृक्षाचें मूळ ह्या बेटावर सांपडेल.

आतां त्या वाटेविषयीं. शर्यतीकरितां मुद्दाम बांधलेल्या गोल मैदानास दोन्ही बाजूंस मोकळी जागा असते. घसरला तर स्वार वाळूंत जाऊन थांबतो. येथें तसें नाहीं. डग्लस ह्या राजधानीच्या गांवांतून सुटल्याबरोबर ब्रे हिलचा उतार लागतो, आणि त्याच्या दोन्ही अंगांस लोकांचीं घरें आहेत. पुढें दगडी भिंती, दिव्याचे खांब, झाडें, दुकानांच्या पायऱ्या. बॅलॉ येथील पूल असा कुबडा आहे कीं त्यावरून गाडी हवेंत उडते. डोंगरावर एके ठिकाणीं रुळांची वाट आडवी जाते. दोनशेंहून अधिक वळणें. तीं सर्व पाठ करावीं लागतात, आणि त्यास वर्षें लागतात. हिंवाळ्यांत साधी गाडी घेऊन, कायद्यानें ठरलेल्या वेगानें, त्याच वाटेवरून पुन्हा पुन्हा फेरे मारणारे आणि घरीं येऊन डोळे मिटून वळणें आठवणारे स्वार आहेत. पाढे पाठ करण्याचा कंटाळा करणाऱ्या माझ्या मित्रांनीं ह्याची नोंद घ्यावी.

शिवाय तेथें सगळे स्वार एकदम सुटत नाहींत. दहा दहा सेकंदांच्या अंतरानें एकेक सुटतो. झुंज शेजाऱ्याशीं नसून घड्याळाशीं असते. समोर दिसणारा मनुष्य प्रतिस्पर्धी असेल किंवा मागें पडलेला कोणी असेल. तुम्ही जिंकत आहां कीं हरत आहां, हें पुष्कळदां रस्त्याकडेच्या पाटीवरूनच कळतें. कित्येक वर्षें मुख्य मांडवासमोरच्या भल्यामोठ्या फळ्यावर वेळा लिहिण्याचें काम त्या बेटावरील बालवीर पथकांचीं मुलें करीत. वळणांवर उभे राहणारे शेंकडों रक्षक हेही बिनपगारी स्वयंसेवक. तितके न जमले तर शर्यत सुटत नाहीं. कोणी शिक्षक, कोणी सुतार, कोणी निवृत्त कारकून. बेटाची वस्ती अवघी चौऱ्याऐंशीं हजारांची. ते आपले रस्ते, आपल्या सुट्या, आपली झोंप ह्या पंधरवड्याकरितां देऊन टाकतात. माझ्या मतें वारसा तो हा. वेगाचे आंकडे दर कांहीं वर्षांनीं पुसले जातात. बॉब मॅकिंटायर ह्यानें १९५७ सालीं प्रथम ताशीं शंभर मैलांचा फेरा केला तेव्हां जग थक्क झालें. आज त्या वेगास कोणी वळून पाहणार नाहीं. जोई डनलॉप ह्याचे सव्वीस विजय अढळ वाटत होते. २०२४ सालीं त्याच्याच पुतण्यानें, मायकेल डनलॉपनें, ते मागें टाकले. परंतु आपल्या दारासमोरचा रस्ता सर्वांनीं मिळून, कायदा करून, कांहीं तासांकरितां एखाद्याच्या स्वाधीन करावा आणि मग त्याच्या जिवाची राखण करीत उन्हापावसांत उभें राहावें, ही रीत मात्र शंभर वर्षांवर टिकून आहे.

एवढें म्हटल्यावर दुसरी बाजू झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. १९११ सालीं, डोंगरी वाटेच्या पहिल्याच वर्षीं, सरावाच्या वेळीं व्हिक्टर सरिज हा स्वार मेला. तेव्हांपासून त्या वाटेवर दोनशें साठांहून अधिक स्वारांनीं प्राण गमावले आहेत. एकट्या २०२२ सालच्या शर्यतींत सहा गेले. १९७२ सालीं जिल्बेर्तो पार्लोत्ती मेला, तेव्हां त्याचा मित्र जाकोमो आगोस्तिनी, जो तेथें दहा वेळां जिंकला होता, त्यानें पुन्हा तेथें न धांवण्याचें ठरविलें आणि आपला शब्द पाळला. १९७६ नंतर जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींतून ही शर्यत वगळण्यांत आली. तरी लोक येतच राहिले.

ह्यावर तेथील स्वारांचें उत्तर ठरलेलें आहे : आम्ही जाणतों, आम्ही सही करतों, कोणी आम्हांस ओढून आणीत नाहीं. ह्या उत्तरांत सत्य आहे आणि मीं तें पुष्कळ दिवस मान्य करीत आलों. परंतु सही एकट्याची असते. त्याच्या आईची सही त्या कागदावर नसते. त्याच्या लेकराची नसते. म्हणून शर्यत बंद करा असें मी म्हणत नाहीं. प्रौढ मनुष्यास आपल्या जिवाचें काय करावें हें सांगणारा मी कोण? मात्र जो तिचे गोडवे गाईल त्यानें विजयांची संख्या सांगतांना ही दुसरी संख्याही त्याच श्वासांत सांगितली पाहिजे, असा माझा आग्रह आहे. मुलांस दिसणाऱ्या चित्रांत ती नसते.

आमच्या विदर्भाला हा सगळा प्रकार परका नाहीं. धानाची कापणी होऊन शेतें मोकळीं झालीं म्हणजे गांवोगांवीं शंकरपट भरतो. तेथेंही झुंज घड्याळाशीं, तेथेंही जोडीचें नांव मालकाच्या नांवाहून मोठें, आणि तेथेंही सगळा गांव पाहुण्यांकरितां चुली पेटवून बसतो. झाडीपट्टींत तर दिवसा पट आणि रात्रीं नाटक, हा बेत ठरलेलाच. अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासरच्या पटांत बायकाही धुरकरी होऊन जोडी हांकतात. मॅन बेटावर १९६२ सालीं बेरिल स्वेन ही एकटीनें गाडी चालवून शर्यत पुरी करणारी पहिली स्त्री ठरली. पुढें वजनाचा नियम दाखवून तिचा परवाना काढून घेण्यांत आला. म्हणजे ह्या एका बाबतींत तळेगांवास त्या बेटापासून शिकण्यासारखें फारसें कांहीं नाहीं.

पटासही कायद्याच्या दारांतून जावें लागलें. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बैलांच्या शर्यतींस मनाई केली. २०१७ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें कायद्यांत दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं न्यायालयानें अटी घालून परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें ती दुरुस्ती ग्राह्य धरली. बंदीच्या वर्षांत आमच्याकडे पुष्कळ जण संतापले. ‘आमच्या बापजाद्यांचा पट’ हे शब्द मीं कित्येकदां ऐकिले. मला वाटतें, बापजाद्यांचा म्हणून तो राहावा हा युक्तिवाद अपुरा आहे. बेटावरचा स्वार निदान स्वतः सही करतो. बैल सही करीत नाहीं. म्हणून काठी, खिळे आणि विजेचा धक्का ह्यांस केलेली मनाई ही पटावर लादलेली अडचण नव्हे. त्या मनाईमुळेंच पट आतां ताठ मानेनें भरवितां येतो. ज्या मैदानांत ती पाळली जात नाहीं तेथें वारशाचें नांव घेण्याचा अधिकार कोणास नाहीं, मग पागोटें कितीही जुनें असो.

आतां मूळ मुद्द्यावर येतों. संध्याकाळीं कन्हानच्या पुलाजवळ थोडा वेळ उभें राहून पाहा. ट्रकांची रांग चालली आहे. विजेच्या कारखान्यांतून कामगार सुटले आहेत. सायकलीवर दुधाच्या बरण्या लावलेला म्हातारा कडेकडेनें जात आहे. आणि मधूनच दोन मोटारसायकली, एकीवर तिघे, दुसरीवर दोघे, डोक्यावर कांहीं नाहीं, सायलेन्सर काढलेला, अशा जातात कीं म्हाताऱ्याचा तोल जावा. ह्यांतील एखाद्यास थांबवून विचारलें तर तो मॅन बेटाचें नांव घेईल. एकानें माझ्याजवळ घेतलें आहे. पण बाळा, त्या बेटावरचा स्वार चामड्याच्या पोशाखांत, शिरस्त्राण तपासून घेऊन, वर्षानुवर्षें पाठ केलेल्या वाटेवर, समोरून कोणीही येणार नाहीं अशी शेंकडों लोकांनीं हमी दिल्यावर सुटतो. तूं ज्या रस्त्यावर सुटला आहेस तो कोणी तुला दिलेला नाहीं. तो त्या म्हाताऱ्याचाही आहे. आणि सही? तुझी नाहींच, पण त्याचीही तूंच केलीस. २०२२ ह्या एका वर्षांत भारताच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि त्यांत शंभरांपैकीं चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवरचीं होतीं. बेटावरच्या शंभर वर्षांवरच्या संख्येहून अधिक माणसें आपल्याकडे एका दिवसांत मरतात, आणि त्यांच्याकरितां कोणी निशाण हलवीत नाहीं.

हें मोह बेटावरही आहेतच, हें सांगितलें पाहिजे. शर्यतींच्या पंधरवड्यांतील मधल्या रविवारास तेथें ‘वेडा रविवार’ म्हणत. त्या दिवशीं हौशी पाहुणे आपापल्या गाड्या घेऊन त्याच डोंगरी वाटेवर जात. तेथें इतके अपघात होऊं लागले कीं सरकारास त्या दिवसांत डोंगरावरची वाहतूक एकाच दिशेनें चालविण्याची व्यवस्था करावी लागली. रस्ता तोच, डोंगर तोच, वळणें तीच. पण वळणावरचा रक्षक नाहीं.

पालकांस एवढेंच विचारतों कीं, गाडीची किल्ली देण्यापूर्वीं शिरस्त्राण घेतलें काय, परवाना झाला काय, आणि मुलाबरोबर एकदां मागें बसून भंडाऱ्यापर्यंत जाऊन आलां काय? ज्यास खरोखर शर्यतीचीच हौस आहे, त्याकरितां आपल्या देशांत चेन्नईस व कोइंबतूरास बांधलेल्या वाटा आहेत; तेथें शिकविणारे आहेत, वैद्य आहेत, नियम आहेत. खर्च पुष्कळ आहे, हें खरें.

बेटावरच्या शर्यतीचें मला सर्वांत आवडतें दृश्य कोणत्याही वीराचें नाहीं. शेवटचा स्वार येऊन पोंचला म्हणजे ‘रस्ते खुले’ अशी पाटी लावलेली एक मोटार त्या साठ किलोमीटरांच्या वाटेवरून निघते. ती जसजशी पुढें जाते तसतसे रक्षक दोऱ्या गुंडाळतात, कुंपणावर बसलेले लोक खालीं उतरतात, आणि ज्या वळणावर दहा मिनिटांपूर्वीं गाड्या दोनशेंच्या वेगानें जात होत्या, तेथून कोणी बाई पिशवी घेऊन, दोन्हीकडे पाहून, सावकाश रस्ता ओलांडते.